असईचा सेनापती आणि त्याचे घराणे

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान, केळना आणि जुई या दोन नद्या काही अंतर जवळजवळ समांतर वाहत जाऊन अखेर एकमेकींस मिळतात, आणि संगमाच्या अलीकडे त्यांच्यामध्ये जी जमिनीची चिंचोळी पट्टी राहते तिच्या उत्तरेस, जुईच्या काठी, असई हे खेडे वसलेले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारनंतरच्या काही तासांत या पट्टीवर जे घडले त्याने दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा दक्षिणेतील दरारा संपला, हे आपल्या इतिहासग्रंथांत विस्ताराने येते. परंतु त्या दिवशी विरुद्ध बाजूस घोड्यावर बसलेला चौतीस वर्षांचा मेजर जनरल हा कोणाचा कोण होता, एवढी गोष्ट मात्र बहुधा एका ओळीत उरकली जाते. तो हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि त्याचा आणखी एक सख्खा भाऊ त्या आधी दोन वर्षे अयोध्येच्या नबाबाकडून काढून घेतलेल्या मुलखाचा कारभार पाहत होता.

इंग्रज जिंकले ते नि:पक्षपाती शिस्तीच्या बळावर आणि मराठे बुडाले ते घराणेशाहीमुळे, असे एक सुटसुटीत उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. या सेनापतीच्या वेलस्ली घराण्याची हकिकत त्या उत्तरास मुळीच अनुकूल नाही. १८०३ साली दक्षिणेत जी टक्कर झाली ती घराणी आणि संस्था यांची टक्कर नव्हती. घराणी दोन्ही बाजूंस होती. भेद होता तो भावाने भावाचे काय करावे या बाबतीत, आणि तो पाहावयाचा तर प्रथम आयर्लंडात जावे लागते.

आयर्लंडातील प्रोटेस्टंट जमीनदारवर्गात या कुळाची गणना होत असे. मूळचे आडनाव कॉली. १७२८ साली एका निपुत्रिक आप्ताची मालमत्ता पदरात पडली तेव्हा त्या आप्ताचे वेस्ली हे आडनाव पूर्वजाने धारण केले, आणि अठरा वर्षांनी त्याला उमरावपद मिळाले. त्याचा पुत्र गॅरेट हा मॉर्निंग्टनचा पहिला अर्ल. हा गृहस्थ उत्तम व्हायोलिनवादक आणि रचनाकार असून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली होती. हिशेबाच्या वह्यांकडे मात्र त्याचे लक्ष बेताचेच असावे, कारण १७८१ साली तो निवर्तला तेव्हा त्याने पदवीबरोबर कर्जाचा डोंगरही मागे ठेवला. पत्नी ॲन ही लॉर्ड डंगॅननची कन्या. मागे राहिलेल्या मुलांत रिचर्ड, विल्यम, आर्थर, जेराल्ड आणि हेन्री असे पाच मुलगे आणि ॲन ही मुलगी. थोरल्या रिचर्डचे वय तेव्हा वीस वर्षे. ईटन आणि ऑक्सफर्ड येथे लॅटिन काव्यात नाव मिळवलेल्या या बुद्धिमान, दिमाखदार आणि कमालीच्या मानी तरुणाने वडिलांचे कर्ज शिरावर घेतले, जमिनी गहाण टाकल्या, प्रसंगी विकल्या, आणि धाकट्या भावंडांची व्यवस्था लावण्याचे काम अंगीकारले. मराठी वाचकाला हा थोरला भाऊ अपरिचित वाटू नये.

आर्थर हा त्यातला नापास मुलगा. ईटनमध्ये तीन वर्षे काढून त्याने काही दिवे लावले नाहीत. पैशाच्या ओढगस्तीमुळे त्याला तेथून काढून आई ब्रसेल्सला गेली, आणि पुढे फ्रान्समध्ये आंजे येथील अश्वारोहणाच्या विद्यालयात त्याची रवानगी झाली. हा लाजाळू, व्हायोलिन वाजवत बसणारा पोरगा लष्कराखेरीज कोठेच चालण्यासारखा नाही, असे आईचे मत पडले होते. त्या काळी इंग्रजी लष्करातील हुद्दे रोख पैसे मोजून विकत मिळत. १७८७ साली आर्थर सैन्यात शिरला तो रिचर्डच्या शब्दाने, डब्लिनच्या व्हाइसरॉयच्या पदरी मानकरी म्हणून लागला तोही त्याच्याच वशिल्याने, आणि १७९३ मध्ये ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला तो त्याच्याच पैशाने. मधल्या काळात १७९० साली ट्रिम या गावातर्फे तो आयर्लंडच्या पार्लमेंटातही गेला. ट्रिमची जागा म्हणजे त्या घराण्याचे वतनच होते. पाटीलकी जशी थोरल्याकडून धाकट्याकडे जाते तशी ती रिचर्डकडून विल्यमकडे आणि विल्यमकडून आर्थरकडे आली होती. याच सुमारास लॉर्ड लाँगफर्डच्या घराण्यातील कॅथरिन पॅकनम या मुलीला त्याने मागणी घातली असता, कर्जबाजारी कुळातील निर्धन धाकट्या मुलाला बहीण देण्यास तिच्या भावाने नकार दिला. आर्थरने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि पुन्हा कधी वाद्यास हात लावला नाही. फ्लँडर्समधील एका फसलेल्या मोहिमेत लढाई कशी करू नये याचा धडा घेऊन तो १७९६ साली पलटणीसह पूर्वेकडे निघाला आणि पुढील वर्षाच्या आरंभी कलकत्त्यास उतरला.

१७९८ साली रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि येताना हेन्रीला खासगी चिटणीस म्हणून बरोबर घेऊन आला. वेस्ली हे आडनाव अधिक जुन्या थाटाने वेलस्ली असे लिहिण्याची प्रथाही या सुमारास त्याने पाडली. दुसऱ्याच वर्षी श्रीरंगपट्टणचा पाडाव झाला. ४ मे १७९९ रोजी तटावर चढून गेलेल्या तुकडीचा नायक जनरल बेअर्ड होता. हाच बेअर्ड पूर्वी तीन वर्षांहून अधिक काळ त्याच शहरात हैदर-टिपूंच्या कैदेत पडलेला होता. त्यामुळे शहराचा अधिकार आपल्याला मिळेल अशी त्याची रास्त अपेक्षा होती. परंतु तो मिळाला आर्थर वेलस्लीला, आणि बेअर्डला टिपूच्या वाड्यातून आपला मुक्काम हलवावा लागला. हा हुकूम गव्हर्नर जनरलने दिला नव्हता, सरसेनापती हॅरिसने दिला होता, हे खरे. पण गव्हर्नर जनरलचा भाऊ फौजेत आहे हे हॅरिसला विसरता येत नव्हते, हेही तितकेच खरे. बेअर्डने हा अपमान जन्मभर उराशी बाळगला, आणि त्याला दोष देता येत नाही.

मात्र वशिल्याने मिळालेल्या जागेवर बसून या माणसाने जे काम केले ते वशिल्याचे नव्हते. श्रीरंगपट्टणच्या कारभारात त्याने बैल मोजले, तांदूळ मोजला, दारूगोळा मोजला. दक्षिणेत लढाई जिंकावयाची तर प्रथम रसद जिंकली पाहिजे आणि रसद म्हणजे म्हैसूरचे बैल व वंजाऱ्यांचे तांडे, हे त्याच्या ध्यानी आले. आपल्या पलटणी वाटेतल्या गावांना रोख दाम देतील आणि लुटणारा शिपाई फासावर जाईल, असा दंडक त्याने घातला. १८०० साली धोंड्या वाघाचा पाठलाग करून त्याने त्याला रणात मारले तेव्हा धोंड्याचा लहान मुलगा सलाबतखान हा सामानसुमानात सापडला. त्याला त्याने आपल्या देखरेखीखाली वाढवले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पोषणासाठी पैसा ठेवून गेला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्याचे चरित्र लिहिणाऱ्याने त्यांपैकी एकही झाकून ठेवू नये.

आता पुण्याकडे वळू. तेथेही भावाभावांचाच प्रश्न होता. तुकोजी होळकरांच्या मृत्यूनंतर वारशाच्या तंट्यात शिंद्यांच्या फौजेने मल्हारराव होळकरांना ठार केले. १८०१ मध्ये बाजीराव पेशव्यांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. आणि त्या भावाच्या रक्ताचा दावा घेऊन यशवंतराव होळकर २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा मोड करून पुण्यात शिरले. इकडे शिंद्यांच्या घरात महादजींच्या विधवांचे बंड नुकतेच विझले होते, आणि पेशव्यांच्या घरात बाजीरावांना आपला दत्तक बंधू अमृतराव हा शत्रूसारखा वाटत होता. पळून गेलेल्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस इंग्रजांशी तह करून तैनाती फौज पत्करली. तिला घेऊन आर्थर वेलस्ली २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यास पोहोचला, आणि पुढील महिन्यात बाजीराव गादीवर बसले.

शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. यशवंतराव मात्र बाजूस राहिले. अशा वेळी, २६ जून १८०३ रोजी, कलकत्त्याहून रिचर्डने आपल्या भावास दक्षिणेतील सर्व राजकीय आणि लष्करी अधिकार एकत्र देणारा खलिता धाडला: युद्ध पुकारावयाचे, तह करावयाचा, निजाम आणि पेशवे यांच्या दरबारांतील वकिलांना हुकूम द्यावयाचा, सर्व काही त्याने स्वत:च ठरवावे, कलकत्त्यास विचारीत बसू नये. कलकत्त्याचे पत्र दक्षिणेत पोहोचण्यास आठवडेच्या आठवडे लागत, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका कागदाची किंमत कळते. उत्तरेत जनरल लेकलाही असे अधिकार मिळाले होते, तेव्हा ही केवळ बंधुप्रीती होती असे म्हणता येत नाही. तथापि इतका नि:शंक विश्वास परक्या मेजर जनरलवर टाकला गेला असता असे मला वाटत नाही. ज्या वर्षी पुण्यात भाऊ भावाच्या सावलीला भीत होता त्या वर्षी कलकत्त्यात एका भावाने दुसऱ्याच्या हाती अर्धा हिंदुस्थान दिला.

८ ऑगस्टला नगरची पेठ पडली, १२ तारखेस किल्ला मिळाला. शिंदे-भोसल्यांची स्वारी अजिंठ्याचा घाट ओलांडून निजामाच्या मुलखात शिरली. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. त्यानंतर तीन आठवडे दोन्ही फौजा या प्रदेशात एकमेकींस हुलकावण्या देत फिरत राहिल्या. २१ सप्टेंबर रोजी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापुरास भेट होऊन असा बेत ठरला की, दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी जावे आणि २४ तारखेस एकत्र होऊन मराठ्यांवर पडावे. कारण शत्रूचा तळ भोकरदनला आहे अशी हरकाऱ्यांची बातमी होती. घोटाळा इतकाच की, भोकरदन हे गावाचे नाव तसे परगण्याचेही होते, आणि तळ गावापासून पूर्वेस असईपर्यंत मैलोगणती पसरलेला होता. २३ तारखेस सकाळी चौदा मैलांची मजल मारून वेलस्ली मुक्कामास येतो तो शत्रू अवघ्या काही मैलांवर असल्याचे त्यास कळले. स्टीव्हन्सन दूर होता. मागे फिरावे तर सामानासकट घोडदळाच्या तडाख्यात सापडण्याचे भय; थांबावे तर शत्रू निसटण्याची भीती. त्याने त्याच दिवशी लढण्याचे ठरवले.

त्याच्या हाताशी सुमारे सात हजार कवायती लोक होते, त्यांत गोऱ्या पलटणी दोनच, ७४ वी आणि ७८ वी, शिवाय १९ वे ड्रॅगून रिसाले. बाकीचे मद्रासी शिपाई आणि स्वार. यांखेरीज म्हैसूरचे घोडदळ आणि पेशव्यांतर्फे आलेले बापू गोखले व आप्पा देसाई निपाणकर यांचे स्वार होते. हेच बापू गोखले पुढे १८१८ मध्ये अष्टीच्या रणात इंग्रजांशी लढताना पडले. असईच्या दिवशी मात्र ते केळनेच्या दक्षिण तीरावर वेलस्लीच्या पिछाडीचे रक्षण करीत होते. समोर शिंद्यांचे सुमारे दहा हजार कवायती पायदळ, शंभराच्या घरात तोफा, आणि ज्याची मोजदाद कोणासच नक्की नव्हती असे अफाट घोडदळ. कवायती फौजेचा मुख्य पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता, आणि बेगम समरूच्याही पलटणी तळावर होत्या.

केळनेचा उतार कोठे आहे असे वाटाड्यांस विचारता जवळपास उतार नाही असे त्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बीण लावली तेव्हा पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दिसली. दोन गावे अशी समोरासमोर असतील तर त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्याने फौज तिकडे वळवली, आणि उतार निघाला. ही गोष्ट तो म्हातारपणी आवडीने सांगे. खेड्यापाड्यांत वाढलेल्या आपल्या माणसास यात विशेष काही वाटणार नाही. पण घाईच्या वेळी साधी गोष्ट सुचणे हेच सेनापतित्वाचे अर्धे भांडवल असते. नदी ओलांडत असताना त्याच्या शेजारच्या स्वाराचे डोके तोफेच्या गोळ्याने उडाले.

पलीकडे गेल्यावर दोन गोष्टी त्याच्या अपेक्षेविरुद्ध झाल्या. पहिली ही की, दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली मराठ्यांची फळी पोलमनने झपाट्याने आणि कवायतीच्या थाटात पूर्वेकडे फिरवली. तिची उजवी बाजू केळनेस आणि डावी असईच्या गावकुसास टेकली. ही चाल इतकी सफाईची होती की वेलस्लीलाही तिचे आश्चर्य वाटले. दुसरी ही की, मराठ्यांच्या तोफांच्या माऱ्यापुढे त्याच्या स्वत:च्या तोफा ओढणारे बैलच पडले, आणि त्याला तोफांवाचून संगिनीच्या बळावर पुढे जावे लागले. डावीकडे ७८ वी पलटण आणि मद्रासी शिपाई यांनी तोफा हस्तगत केल्या. परंतु उजवीकडे ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याने हुकूम समजण्यात चूक करून आपली तुकडी थेट असईच्या तोफांवर नेली, तिच्यामागोमाग ७४ वी गेली, आणि त्या पलटणीचे जवळजवळ सर्व अधिकारी मेले किंवा जखमी झाले. मॅक्सवेलच्या घोडदळाने वेळीच चाल करून उरलेल्यांस वाचवले. पुढे त्याच लढाईत मॅक्सवेल पडला. मराठ्यांचे गोलंदाज तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी फळी पुढे निघून जाताच उठून त्यांनी मागून मारा सुरू केला, तेव्हा तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. वेलस्लीचा एक घोडा गोळीने आणि दुसरा भाल्याने जायबंदी झाला. दौलतराव आणि रघूजी हे दोघेही लढाई चालू असतानाच निघून गेले होते. संध्याकाळी पोलमनचे पायदळ जुई उतरून गेले आणि सुमारे शंभर तोफा रणावर राहिल्या.

इंग्रजांकडील हानी ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता. म्हणजे लढणाऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. मराठ्यांचे १,२०० लोक रणात पडले असा वेलस्लीचाच अंदाज होता. जखमींसाठी दौलताबादचा किल्ला हवा होता, पण निजामाच्या किल्लेदाराने दरवाजा उघडला नाही, आणि इस्पितळ अजिंठ्यास मांडावे लागले. मन्रोसारख्या जाणत्या स्नेह्याने, फौजेचे दोन भाग करण्याचे कारणच काय होते, असा सवाल पत्रातून टाकला आणि वेलस्लीने लांबलचक उत्तर लिहून आपला बचाव केला. तो बचाव मला पुरता पटत नाही; त्या दिवशी पोलमनचे पायदळ धन्याविना लढले नसते तर परिणाम काय झाला असता, याची कल्पना त्या उत्तरात येत नाही. तरीही पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसास, रणांगणावर आपण केलेली सर्वोत्तम गोष्ट कोणती असे विचारले असता, त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले. मद्रासी शिपायांच्या पराक्रमाची निशाणी म्हणून मिळालेला असईचा हत्ती आजही भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आहे.

पुढचे थोडक्यात सांगता येते. २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ तारखेस देवगावचा तह भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह शिंद्यांशी. या दुसऱ्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेस गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, जालन्याच्या किल्ल्या-परगण्यासह, त्यांच्या हातून गेला. शिंद्यांतर्फे बोलणी करण्यास विठ्ठलपंत नावाचे वृद्ध मुत्सद्दी आले होते. त्यांच्या चेहऱ्यावरील सुरकुतीही हलत नसे. पुष्कळ वर्षांनी, फ्रान्सचा नामांकित मुत्सद्दी तालेराँ कसा आहे असे त्याचा जुना सहकारी माल्कम याने विचारले तेव्हा, तो पुष्कळसा विठ्ठलपंतांसारखा आहे, पण तितका हुशार नाही, असे वेलस्ली म्हणाला. दौलतीची बाजू पडली असताना तिच्या वकिलाला शत्रूने दिलेले हे प्रशस्तिपत्र आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही.

रिचर्डच्या कारभाराचा एक धागा मराठी वाचकाच्या अगदी जवळ येतो. कंपनीच्या कारकुनांना देशी भाषा याव्यात म्हणून १८०० साली त्याने कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले. तेथे मराठी शिकवणारा विल्यम केरी हा मिशनरी. आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने रचलेले मराठीचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले. असईवर ज्या घराण्याने मराठी तोफा ओढून नेल्या त्याच घराण्याने काढलेल्या संस्थेतून मराठीचे छापील व्याकरण निघावे, हा योग मासलेवाईक खरा. कंपनीच्या संचालकांस मात्र या कॉलेजाचा आणि या युद्धांचा, दोहोंचाही खर्च सोसवेना. १८०५ साली रिचर्डची उचलबांगडी झाली. आर्थर त्याच्या आधीच काही महिने, सुमारे ४२,००० पौंडांची पुंजी घेऊन, स्वदेशी निघून गेला होता. इकडे दक्षिणेत मात्र १८०३-०४ च्या दुष्काळाने नगर आणि खानदेश या प्रांतांत माणसे मेली होती. फौजांच्या येण्याजाण्याने उद्ध्वस्त झालेल्या गावांत पेरण्याच झाल्या नव्हत्या.

दोन्ही बाजूंच्या घराण्यांत येथे आणखी एक भेद दिसतो. रिचर्डच्या अयोध्येतील कारभाराबद्दल जेम्स पॉल नावाच्या एका सभासदाने पार्लमेंटात आरोपांची माळ लावली, आणि थोरल्या भावाचा बचाव करण्यासाठी आर्थर १८०६ मध्ये राय या गावातर्फे कॉमन्स सभेत शिरला. आरोप टिकले नाहीत. पण घराण्याने मिळवलेल्या सत्तेचा जाब घराण्याबाहेरच्या माणसाने मागावा आणि तो भर सभेत द्यावा लागावा, अशी सोय पुण्याच्या दरबारात नव्हती. शिंद्यांचा हिशेब शिंद्यांच्या दिवाणखान्यातच होत असे.

त्याच वर्षी आर्थरने कॅथरिन पॅकनमशी, दहाहून अधिक वर्षे तिचे तोंडही न पाहता, जुन्या शब्दाला जागून लग्न केले. लग्न लावले जेराल्ड या धर्मोपदेशक भावाने. संसार सुखाचा झाला नाही. ती भिडस्त, अधू दृष्टीची आणि हिशेबात कच्ची. तो तुटक आणि करडा. आर्थर आणि चार्ल्स असे दोन मुलगे झाले. हेन्रीचे दु:ख निराळे होते: १८०९ मध्ये त्याची पत्नी लॉर्ड पॅजेटबरोबर पळून गेली, आणि तिच्या मागे राहिलेल्या तान्ह्या मुलास कॅथरिनने आपल्या घरी वाढवले. हाच पॅजेट पुढे वॉटर्लूला आर्थरच्या हाताखाली घोडदळाचा सेनापती होता.

स्पेनच्या युद्धात दक्षिणेतलाच पट पुन्हा मांडला गेला. आर्थर सेनापती, रिचर्ड प्रथम स्पेनमध्ये वकील आणि नंतर परराष्ट्रमंत्री, हेन्री त्याच्या जागी वकील, विल्यम आयर्लंडच्या कारभारावर. १८१४ मध्ये आर्थर वेलिंग्टनचा ड्यूक झाला. थोरल्याच्या पोटात मात्र आता दुखू लागले. १८२१ पासून रिचर्ड आयर्लंडचा व्हाइसरॉय होता आणि कॅथलिकांना राजकीय हक्क द्यावेत या मताचा होता; २२ जानेवारी १८२८ रोजी आर्थर पंतप्रधान झाला तेव्हा भावाच्या मंत्रिमंडळात आपल्याला स्थान नाही आणि कॅथलिकांचा प्रश्नही सुटत नाही, असे पाहून त्याने राजीनामा दिला. आणि दुसऱ्याच वर्षी त्याच आर्थरने, यादवी टाळण्यासाठी, कॅथलिकांचा कायदा स्वत:च मंजूर करून घेतला! त्यावरून लॉर्ड विंचिल्सीने लावलेल्या दूषणास्तव पंतप्रधानाने पहाटे मैदानात जाऊन त्याच्याशी पिस्तुलांचे द्वंद्व केले. दोघांपैकी कोणास इजा झाली नाही. मतदानाच्या सुधारणेस मात्र त्याने साफ नकार दिला, आणि १८३० च्या नोव्हेंबरात त्याचे मंत्रिमंडळ गडगडले. १८३१ च्या एप्रिलात लंडनच्या जमावाने त्याच्या ॲप्सली हाउसच्या खिडक्या फोडल्या त्या दिवशी आत कॅथरिनचे प्रेत होते. १८३४ मध्ये काही आठवडे तो पुन्हा पंतप्रधान झाला, आणि १४ सप्टेंबर १८५२ रोजी निवर्तला.

ते ॲप्सली हाउसही मूळ रिचर्डने घेतलेले. कर्जात बुडाल्यावर १८१७ मध्ये त्याने ते धाकट्यास विकले. दक्षिणेतील सहकारी अधिकाऱ्यांनी असईच्या विजेत्यास भेट दिलेला सोनेरी मुलाम्याचा चांदीचा भोजनसंच तेथे जपलेला आहे, आणि १९४७ साली सातव्या ड्यूकने ती वास्तू राष्ट्रास दिली. रिचर्डची उतारवयात हलाखीच झाली. हायसिंथ रोलाँ या फ्रेंच नटीशी त्याने पूर्वी लग्न केले तेव्हा पाच मुले आधीच झालेली होती. त्यामुळे त्यांना वारसा मिळाला नाही. त्यांच्यापैकी ॲन हिचा दुसरा विवाह आपल्या सतीबंदीच्या विल्यम बेंटिंकचा भाऊ लॉर्ड चार्ल्स याच्याशी झाला, आणि त्या शाखेतूनच पुढे राणी दुसरी एलिझाबेथ हिची आई जन्मली. १८३७ मध्ये कंपनीने रिचर्डला २०,००० पौंड देऊन जुन्या उपकाराची फेड केली. १८४२ साली तो वारला तेव्हा त्याची मार्क्विसची पदवी त्याच्याबरोबरच संपली. मॉर्निंग्टनचे अर्लपद विल्यमकडे आणि मग त्याच्या वंशात गेले. त्याच्या मुलाने बायकोच्या अफाट संपत्तीची राखरांगोळी केली, आणि नातू १८६३ मध्ये अविवाहित वारला. त्या वर्षी बापाचे ते अर्लपद अखेर दुसऱ्या ड्यूककडे, म्हणजे आईने नालायक ठरवलेल्या आर्थरच्या थोरल्या मुलाकडे आले, आणि आजतागायत ते त्याच्याच घराण्यात आहे.